थाळी नंबर वीस

आमचे बाबा प्रत्येक गोष्ट वरून मोजायचे. जिन्याच्या पायऱ्या वरून, कपाटातले कप्पे वरून, आणि माणसं तर वरूनच. चीफ, डेप्युटी चीफ, असिस्टंट असं मोजत मोजत ते स्वतःपर्यंत यायचे आणि तिथे थांबायचे. आपल्याखालीही कोणी असतं आणि तेही कुठून तरी मोजत असतं, हे त्यांच्या लक्षात यायला तीस थाळ्यांचा एक कॉलम उभा राहावा लागला. लक्षात आल्यावरही त्यांनी ते मान्य केलं नाही, हा भाग वेगळा.

मोठ्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून ते रिटायर झाले तेव्हा मी रायपूरला केमिकल इंजिनियरिंग शिकत होते. रिटायर झालं की कारखान्याच्या वसाहतीतलं, सेक्टरमधलं क्वार्टर सोडावं लागतं, हे भिलाईतल्या पोरांना चालता येण्याआधी कळतं. बाबांना मात्र हा नियम इतरांसाठी केलेला आहे असं वाटत होतं. दोन स्मरणपत्रं आल्यावर आमचं सामान ट्रकात चढलं आणि दुर्गला मोहन नगरातल्या तीन खोल्यांत उतरलं. सेक्टरात कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावायची पद्धत होती. मोहन नगरात तो भोंगा वाऱ्याच्या मर्जीने यायचा, कधी अर्धा, कधी नाहीच. बाबा सकाळी अंगणात उभे राहून त्याची वाट पाहायचे आणि नाही ऐकू आला तर "आज लेट आहे" असं जाहीर करायचे. कारखाना चुकू शकतो, पण मोहन नगर लांब आहे हे कबूल करायचं नाही.

आईला मात्र मोहन नगर मानवलं. सेक्टरात शेजारीण सुद्धा नवऱ्याच्या ग्रेडप्रमाणे बोलायची. इथे डाव्या बाजूची छत्तीसगढी बाई भिंतीवरून फऱ्याचं, म्हणजे तांदळाच्या उकडलेल्या वळकट्यांचं, ताट द्यायची आणि आई त्याच ताटात पाटवड्या घालून परत करायची. रविवारी आमच्याकडे पाटवडीचा रस्सा असायचा, ज्वारीच्या भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. रश्श्याचा तिखट वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. बाबा आधी खिडकी लावून घ्यायचे, सेक्टरात अशी पद्धत नव्हती म्हणून. मग खिडकी लावलेल्या खोलीत घाम पुसत तीन भाकरी खायचे.

घरी बसून त्यांना सहा महिने झाले आणि आईला सहा वर्षं. तेवढ्यात भिलाईच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका लहान कंपनीने त्यांना सल्लागार म्हणून बोलावलं. कंपनीचं नाव सांगत नाही. ती आता राहिलेली नाही, पण मालकाची नातवंडं आहेत आणि त्यांना वाचता येतं. कोळशाचा कोक करताना एक घाणेरडं तेल निघतं, त्याला कच्चं बेंझॉल म्हणतात. ते आणून, तापवून, त्यातून बेंझिन आणि टोल्युइन वेगळं करायचं, हा कंपनीचा धंदा. त्यासाठी मालकांनी, म्हणजे सेठजींनी, कुठून तरी एक जुना, बिडाचा डिस्टिलेशन कॉलम आणला होता. तीस गोल कड्या होत्या. प्रत्येक कडीत एक थाळी. जेवणाच्या डब्यात भांडी एकावर एक बसवतात, तशा त्या बसवायच्या. त्यातल्या एका कडीला बाजूने भोक होतं. कच्चा माल त्या भोकातून आत येणार. ती कडी कितव्या जागी बसवायची, हे ठरवण्यासाठी बाबा. आयुष्यभर त्यांनी छपरांच्या कैच्या आणि पायऱ्यांची ड्रॉइंग्ज काढली होती, पण सल्लागाराने "हे मला येत नाही" असं म्हटलं तर तो सल्लागार कसला? माझी पुस्तकं त्यांनी आठ दिवस स्वतःच्या उशाशी ठेवली. माझी परीक्षा होती, पण ते गौण होतं.

कॉलममध्ये काय होतं ते सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. खालून वाफ वर चढते, वरून द्रव खाली उतरतो, आणि प्रत्येक थाळीवर दोघांची गाठ पडते. हलकं असेल ते वाफेबरोबर एक थाळी वर जातं, जड असेल ते एक थाळी खाली येतं. शेवटी वर बेंझिन पोचतं आणि तळाशी टोल्युइन. वर पोचलेल्या बेंझिनची वाफ थंड करून त्याचा द्रव करतात, आणि त्यातला बराचसा भाग पुन्हा वरच्या थाळीवर ओततात, म्हणजे पुढचा माल आणखी शुद्ध होतो. पुस्तकात याला रिफ्लक्स म्हणतात. कंपनीत सगळे वापसी म्हणायचे. तयार केलेला माल परत का ओतायचा, हे सेठजींना शेवटपर्यंत कळलं नाही. आईला मी एकदाच सांगितलं आणि तिला लगेच कळलं. बाबा रोज चहाचा पहिला कप "पानचट आहे" म्हणून परत पाठवायचे आणि तो पुन्हा पातेल्यात पडून, उकळून यायचा. "मंग वीस वर्षं झाली, मी तेच करून राहिली," आई म्हणाली.

तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात मला ट्रेनिंग करायचं होतं. वर्गात मी एकटी मुलगी. जिथे जिथे अर्ज केला तिथून एकच उत्तर आलं, की मुलींसाठी आमच्याकडे सोय नाही. सोय म्हणजे संडास. देशातली किती इंजिनियरिंगची गुणवत्ता एका संडासापायी अडली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. शेवटी बाबा म्हणाले, माझ्याबरोबर चल. मग मी रोज सकाळी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून दुर्गहून भिलाईला जायला लागले. रस्ता सेक्टरांच्या बाजूने जायचा आणि आमचं जुनं क्वार्टर ज्या वळणावर दिसायचं तिथे बाबा स्कूटर हळू करायचे. नव्या माणसाने कुंपणावर चादरी वाळत घातलेल्या असायच्या. त्यावर बाबा दिवसाची पहिली टीका करायचे आणि मग वेग वाढवायचे.

कॉलम चालवायचे ते रामटेकेकाका. चरोद्याला राहायचे, वडील रेल्वेत यार्डात होते. चाळिशीचा, बुटका, शांत माणूस. खाकी शर्टाच्या खिशात एक डायरी, डायरीला रबर. मॅट्रिकनंतर शिकायला मिळालं नव्हतं आणि त्याचं दुःख ते करत बसत नव्हते. कॉलम उभा केला तोही त्यांनीच, चार माणसं आणि एक चेनपुली घेऊन. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "ताई, तुमाले कान हायेत ना?" मला वाटलं चेष्टा आहे. मग त्यांनी मला कॉलमला कान लावायला लावला, म्हणजे लाकडाचा दांडा मधे धरून. आत बुडबुड्यांचा आवाज येत होता, मंद आचेवरच्या वरणासारखा. वापसी जास्त झाली, वाफ जास्त झाली, की थाळ्या तुंबतात आणि हा आवाज बदलतो. तो आवाज मला पुढे तीन देशांतल्या कॉलममध्ये ऐकू आला आणि प्रत्येक वेळी मला चरोद्याचा उच्चार आठवला: "आता थो गुरगुरून राहिला, वाफ कमी करा."

कंपनीत लॅबोरेटरी होती. म्हणजे तशी पाटी होती. आत सेठजींच्या मेव्हण्याचं टेबल होतं. माल शुद्ध आहे की नाही, हे रामटेकेकाका बर्फावर पाहायचे. गेटबाहेर उसाच्या रसाचा गाडा उभा असायचा, त्याच्याकडून बर्फाचा तुकडा आणायचा, फोडायचा, त्यात बेंझिनची काचनळी खुपसायची आणि ढवळत शंभरपर्यंत मोजायचं. बेंझिन शुद्ध असलं तर पाण्याच्याही आधी गोठतं, पांढरं शुभ्र, खडीसाखरेसारखं. टोल्युइन मिसळलेलं असलं तर नुसतं थंडगार पडून राहतं. आमच्याकडे हिंदीच्या संगतीने जमणं म्हणजे गोठणं, आणि मराठीत जमणं म्हणजे साधणं. त्यामुळे कंपनीत सकाळी पहिला प्रश्न असायचा, "जमलं का?" आणि त्याचं उत्तर दोन्ही अर्थांनी एकच असायचं. ती नळी आम्ही नाकाजवळ नेऊन हुंगायचो. वास गोडसर होता, छान वाटायचा. त्याच बेंझिनने हात धुवायचो. आज माझ्या हाताखालची पोरं हातमोजे, मास्क आणि सही केलेला परवाना असल्याशिवाय त्या बाटलीच्या खोलीतही शिरत नाहीत, आणि मी त्यांना शिस्तीवर भाषण देते.

मी गेले तेव्हा जमत नव्हतं. कॉलम सुरू होऊन चार महिने झाले होते आणि बाबांनी सांगितलेल्या प्रमाणात वापसी ठेवली की नळी गोठत नव्हती. रामटेकेकाका वापसी दुप्पट करायचे, मग गोठायचं, पण वरून माल निघायचा अर्धा आणि बॉयलरचा कोळसा जायचा दुप्पट. माल गोठला नाही की गिऱ्हाईक ओरडायचं, गोठला की सेठजी. दोन्ही वेळा बाबा म्हणायचे की कॉलम बरोबर आहे, चालवणारा चुकतो. "हे थियरी न समजणारे लोक," असं ते स्कूटरवर वाऱ्याकडे तोंड करून मला सांगायचे. शेवटी सेठजींनी सांगून टाकलं, महिन्याभरात ठरवा, कॉलम बदलायचा की माणूस. बिडाचा कॉलम बदलण्यापेक्षा माणूस बदलणं सोपं असतं. रामटेकेकाकांच्या दोन मुली शाळेत होत्या. थोरलीला विज्ञान घ्यायचं होतं आणि "तुमच्यासारखं" असं ते मला दोनदा म्हणाले होते.

बाबांनी मला काम दिलं. मी कॉलमच्या कामगिरीवर रिपोर्ट लिहायचा, ज्यातून चालवण्यातली चूक सिद्ध होईल. निष्कर्ष आधी आणि आकडे नंतर, ही पद्धत मी पुढे मोठमोठ्या कंपन्यांतही पाहिली, पण पहिली ओळख घरात झाली. रविवारी जमिनीवर आलेखाचा कागद पसरून मी पायऱ्या काढायला बसले. या गणितात एक वाकडी रेघ आणि दोन सरळ रेघा काढतात आणि त्यांच्यामध्ये जिन्यासारख्या पायऱ्या उतरत जातात. एक पायरी म्हणजे एक आदर्श थाळी. खऱ्या थाळ्या तेवढ्या हुशार नसतात म्हणून त्या जास्त लागतात. शुद्ध बेंझिनच्या टोकापासून, म्हणजे वरून, मी उतरत गेले. कच्चा माल विसाव्या थाळीवर यायला हवा होता. बाबांनीही वीसच काढला होता. उत्तर जुळलं म्हणून ते इतके खूश झाले की त्या दिवशी चहा परत गेला नाही.

रामटेकेकाका त्याच दुपारी आठवड्याची लॉगशीट द्यायला घरी आले होते. आमच्या घरात भेदभाव नव्हता, असं बाबा नेहमी सांगायचे. फक्त रामटेकेकाकांचा चहा काचेच्या ग्लासात यायचा आणि आमचा कपात, आणि तो ग्लास मोरीजवळच्या फळीवर असायचा. मला हे दिसत होतं. मी कधी काही बोलले नव्हते. तेव्हा वाटायचं, योग्य वेळ आली की बोलू.

सोमवारी प्रत्येक कडीचं बाहेरून तापमान घ्यायचं म्हणून मी शिडीने कॉलमवर चढले. ओढणी कमरेला बांधलेली, हातात थर्मामीटर. खालून सेठजींचा मेव्हणा वर पाहत होता, देखरेख म्हणून. सगळ्यात वरच्या फळीवर पोचून मी श्वास घेतला आणि पुस्तकात शिकवलं होतं तसं वरून मोजत उतरायला लागले. कच्च्या मालाचा पाइप अकराव्या कडीत शिरत होता. मी पुन्हा वर गेले, पुन्हा मोजलं. अकरा. आकडा वहीत लिहिला आणि खाली आले.

रामटेकेकाकांना विचारलं, पाइप कितव्या थाळीवर आहे. ते शांतपणे म्हणाले, "वीस. मी सोता मोजून बसवली. पहिली कडी जमिनीवर ठेवली थे एक, तिच्यावर दोन. वीसवी आली तवा भोकवाली लावली." मी म्हटलं, पण वीस वरून मोजायचे होते. त्यांनी मान वर करून कॉलमकडे पाहिलं. मग म्हणाले, "ताई, कॉलम उभा करून राहिलो तवा वरची थाळी होती कुठी? हवेतून मोजू का?"

माझ्यापुढे सगळं स्पष्ट झालं. वर एकोणीस थाळ्या मिळायला हव्या होत्या तिथे दहाच मिळत होत्या. बेंझिनला शुद्ध व्हायला अर्धाच जिना. ती उणीव भरून काढायला हा माणूस चार महिने वापसी वाढवत होता, म्हणजे बाबांची चूक रोज थोडी थोडी झाकत होता, आणि त्याबद्दलच शिव्या खात होता. काकांनी डायरीचं रबर काढलं आणि प्लॅस्टिकमध्ये ठेवलेली चिठ्ठी दाखवली. बाबांचं वळणदार इंग्रजी: फीड ॲट प्लेट नंबर ट्वेंटी. बस. वरून नाही, खालून नाही. चिठ्ठीला तेलाचे डाग होते आणि एक कोपरा फाटला होता. "मी इचारलं होतं साहेबाले," काका म्हणाले. "साहेब म्हणले, लिहून देलं ना, वाचता येते ना?"

घरी मी बाबांना सांगितलं. जेवताना सांगितलं, कारण जेवताना ते उठून जात नसत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग वाटी पुढे सरकवून म्हणाले, आज वरण खारट आहे. आई म्हणाली, मीठ रोजचंच हाये. त्यापलीकडे त्या विषयावर आमच्या घरात त्या दिवशी चर्चा झाली नाही.

बाबांची एक सवय सांगायची राहिली. ते प्रत्येक चिठ्ठी कार्बन घालून लिहायचे. वाण्याची यादी सुद्धा. प्रत घरी, मूळ कागद समोरच्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंघोळीला गेलेले असताना मी ते पॅड उघडलं. विसाव्या थाळीची चिठ्ठी सापडली. जांभळी, पसरट, कार्बनची अक्षरं, आणि त्यांच्या पुढे दोन शब्द निळ्या बॉलपेनने, ताजे, इतके दाबून लिहिलेले की मागच्या पानावर उमटले होते. फ्रॉम टॉप. अक्षर नेहमीप्रमाणे सुंदर होतं. मोरीतून पाण्याचा आवाज आणि त्यांचं स्तोत्र ऐकू येत होतं. मी पॅड होतं तसं ठेवलं. बाप खोटं बोलू शकतो हे मला माहीत होतं, सगळेच बोलतात. पण त्यांनी त्या कामाला पेन घेताना हात नीट ठेवला होता, रेघ सरळ आली होती, याचं मला फार वाईट वाटलं.

पाइपची गोष्ट सेठजींच्या कानावर गेली आणि त्यांनी सगळ्यांना बोलावलं. त्यांच्या ऑफिसात पंखा होता, कॅलेंडर होतं आणि खुर्च्या तीन होत्या. सेठजी, बाबा आणि मी बसलो. रामटेकेकाका उभे राहिले. बाबांनी पॅड उघडून प्रत टेबलावर ठेवली, काकांनी मूळ चिठ्ठी. सेठजींनी चष्मा लावून दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, "इसमें 'फ्रॉम टॉप' लिखा है, इसमें नहीं लिखा." बाबा म्हणाले, साहजिक आहे, त्या चिठ्ठीचा कोपरा फाटलेला आहे, शब्द त्याच्याबरोबर गेले असतील. हे ते इतक्या सहज बोलले की क्षणभर मलाही पटलं.

रामटेकेकाका पुढे वाकले. त्यांनी चिठ्ठीला हात लावला नाही, नुसतं बोट दाखवलं. "साहेब, फाटला थो कोना डावा हाये. शब्द त उजवीकडं राहतेत."

सेठजींना इंग्रजी जेमतेम यायचं, डावं-उजवं मात्र कळत होतं. ते बाबांकडे पाहायला लागले आणि मग, कोण जाणे का, माझ्याकडे वळले. "बेटी, तू पढ़ी-लिखी है, तू बता. सही कौन है?"

मला काय बोलायचं होतं ते मला ठाऊक होतं. कार्बन जांभळा आहे आणि हे दोन शब्द निळे आहेत, एवढं म्हणायचं होतं. आठ-नऊ शब्दांचं काम. बाबा माझ्याकडे पाहत नव्हते, कॅलेंडरकडे पाहत होते, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. काका माझ्याकडे पाहत होते, अगदी निवांत, कारण त्यांना खात्री होती. मी पुस्तकात नाक खुपसून वाढलेली मुलगी. मी म्हणाले, "पुस्तकांमध्ये दोन्ही पद्धती असतात. काही लोक वरून मोजतात, काही खालून. दोन्ही बरोबर आहेत."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. आजही कोणतंही पुस्तक उघडून बघा. मी पुढे चाळीस वर्षं या धंद्यात काढली आणि इतकं निर्दोष, इतकं तांत्रिक आणि इतकं भेकड वाक्य माझ्याकडून पुन्हा झालं नाही.

सेठजींनी हात झटकले. मतलब गलती किसी की नहीं, म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले की तरीसुद्धा जो बसवतो त्याने विचारायला हवं होतं. रामटेकेकाकांनी विचारलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मिटलं. चिठ्ठी पुन्हा प्लॅस्टिकमध्ये घातली, डायरीत ठेवली, रबर लावलं. आठवडा संपायच्या आत त्यांना उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. सांगायला मेव्हण्याला पाठवलं होतं. देखरेखीचा अनुभव त्याच्याकडेच होता.

नंतर कॉलम उघडला, वरच्या कड्या उतरवल्या, भोकाची कडी वरून विसाव्या जागी नेली आणि पुन्हा सगळं बसवलं. नव्या माणसाने वापसी बाबांच्या आकड्यावर ठेवली. उसाच्या गाड्यावरून बर्फ आला, साठ मोजेपर्यंत नळी पांढरी झाली. सेठजींनी नारळ फोडला, बाबांना हार घातला, पेढे वाटले. बाबांनी नळी उंच धरून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, "जमलं." मी टाळ्या वाजवल्या. तो हार त्यांनी घरी आणला आणि आईला देवाला घालायला सांगितला. आईने हार घेतला, परसात नेला आणि शेजारणीच्या गाईपुढे टाकला. मी तिला काही सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून चहाचा पहिला कप परत आला की ती तो मोरीत ओतायची आणि तसाच रिकामा कप त्यांच्यापुढे नेऊन ठेवायची. महिन्याभरात बाबांना पहिला चहा आवडायला लागला.

बाबांनी पुढे तो विषय कधीच काढला नाही आणि मीही नाही. ते गेले तेव्हा आमचं मध्य प्रदेश छत्तीसगढ झालं होतं, घर मात्र तिथेच होतं. त्यांच्या कपाटात, वरून तिसऱ्या कप्प्यात, ती सगळी कार्बनची पॅडं होती. त्या एका पॅडमधलं ते एक पान नव्हतं. कधी फाडलं, कुणास ठाऊक. फाडताना त्यांना काय वाटलं असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि तेवढ्यापुरतं मी त्यांना माफही केलं आहे. स्वतःचं मात्र अजून चाललंय. माझ्या सहीच्या प्रत्येक ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरात एक ओळ असते, की थाळ्या तळापासून मोजाव्यात. तरुण इंजिनियर म्हणतात, मॅडम, एवढं ठळक कशाला. मी त्यांना सांगते की मी म्हातारी आहे, मला बारीक दिसत नाही.

त्या पावसाळ्यात, कॉलेज सुरू व्हायच्या आधी, मी दुर्गहून लोकलने चरोद्याला गेले होते. घरी मैत्रिणीकडे जाते असं सांगून. यार्डात मालगाडीच्या वाघिणी एकमेकींवर आदळायचा आवाज सारखा येत होता, आणि पत्ता विचारत विचारत मी रेल्वेच्या चाळीतल्या त्यांच्या घरी पोचले. काका एका ठेकेदाराकडे रुळांच्या कामाला लागले होते, खांदा उन्हाने सोलला होता. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्याखाली थोरलीची पुस्तकं नीट रचलेली होती. सगळी पुस्तकं कॉमर्सची होती. मी त्यांच्याकडे पाहिलेलं काकूंच्या लक्षात आलं, त्या म्हणाल्या, विज्ञानाला ट्यूशन लागते न बाई, आता कुठी.

त्यांनी चहा केला. मला कपात आला, बशीसकट, फुलं काढलेला, पाहुण्यांसाठी वर ठेवलेला. काकांनी स्वतः ग्लासात घेतला. मी तो कप हातात धरून बसले आणि जे पाठ करून आले होते ते बोलले, की काका, मी तिथे खोटं बोलले नाही.

"नाही ना," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तुमी कावून खोटं बोलसान? साहेबानं वरून मोजलं, मी खालून मोजलं. तुमी मधातून मोजलं, ताई."

बाहेर पुन्हा वाघिणी आदळल्या. काकूंनी कपाकडे बोट दाखवून सांगितलं, की घ्या, थंडा होऊन राहिला. मी चहा प्यायले. त्या दिवशी मला तेवढंच जमलं.